नऊ किलो वायूच्या मोहिमेची हकीकत

हे कागद पुढे ज्या कोणा सुज्ञांचे हाती पडतील त्यांस दंडवत. विशेष मजकूर ऐसा की, थोर मोहिमा पूर्वी बहुत जाहल्या आणि त्यांच्या हकीकती लोकांनी मोठ्या कौतुके लिहून ठेविल्या. परंतु जिच्यात एक घोडा दौडला नाही, एक तोफ डागली नाही, आणि सारी लढाई दुसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारच्या एका टेबलावर, एका कुरकुरणाऱ्या खुर्चीत, आणि थोडीबहुत जिन्यात उभ्याने जाहली, तिची याद कोणी ठेवील ऐसे दिसेना. सबब जैसे घडले तैसे, पदरचे न घालता, सवड सापडेल तसतसे लिहिले असे. कोठे वाक्य फार लांबले असेल तर सवड लांबली ऐसे समजावे, आणि कोठे मध्येच तुटले असेल तर घरात कोणी जागे जाहले ऐसे समजोन वाचणारांनी राग मानू नये.

मोहीम ऐसी की, पृथ्वीवरून एक यान मंगळ ग्रहास रवाना करावे आणि त्याने मंगळाभोवती घिरट्या घालीत दोन वर्षे ठाण मांडोन पाहणी करावी. या यानाची फौज म्हणावी तर एक विजेवर चालणारे इंजिन. त्याचा जोर किती म्हणाल, तर तळहातावर दोन कोरे कागद ठेवावे आणि त्यांचा जो भार हातास लागेल, तितका. दोन कागदांचा जोर! परंतु तो दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिना, न थकता न कुरकुरता लावीत राहाणे हे त्याचे शौर्य. मोठाले अग्निबाण एकदाच डरकाळी फोडितात आणि गप्प होतात. हे इंजिन म्हणजे घर चालविणारे माणूस, आवाज नाही, आदळआपट नाही, आणि वर्षअखेरीस पाहावे तो डोंगर हललेला. त्याची रसद म्हणजे झेनॉन नामे वायू. आणि वीज सूर्याची, सबब सूर्याजवळ असता इंजिन जोमात, आणि दूर जावे तसतसे मंद.

आता यानाचे एकूण वजन अग्निबाणाच्या मालकांनी कागदावर बांधून दिलेले, त्याउपर एक किलोही चढविण्याची मुभा नाही. त्यात सामानसुमान वजा जाता वायूच्या वाट्यास तीनशे दहा किलो आले होते. या तीनशे दहा किलोंत मंगळ गाठावा, तर हजार दिवसांत इंजिनाने कोठे ढकलावे, कोणत्या दिशेस ढकलावे, आणि कोठे नुसते गप्प वाहात जावे, याची वाट आखावी लागे. आणि ही आखणी करणे राजश्री मार्गनवीस बाई यांजकडे होते.

मार्गनवीस बाई वयाने एकतीस, हिशेबात तिखट, बोलण्यात मऊ. बाळंतपणाची रजा संपवून पाच आठवड्यांपूर्वीच परत कामावर रुजू जाहल्या होत्या. त्यांच्या खणात पेन्सिली, पट्टी, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि अंगठ्याएवढा एक लोकरी पायमोजा होता. तो कोठून कसा आला ठाऊक नाही, परंतु त्यांनी तो घरी परत नेला नाही, इतके खरे.

सोमवारी सकाळी सरलष्कर साहेबांनी सर्वांस दालनात बोलाविले. साहेब मोहिमेचे मुख्य, उभ्याउभ्या बोलावयाची त्यांस खोड, म्हणोन हे नाव पडले होते. त्यांनी फर्माविले की, आखलेल्या वाटेस वायू लागतो तीनशे एकोणीस किलो, आणि आपल्यापाशी तीनशे दहा. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तज्ज्ञांचा दरबार भरेल. तोवर वाटेतून नऊ किलो वाचले तर उत्तम, न वाचले तर यानावरील नऊ किलोचे एक यंत्र उतरवावे आणि त्या जागी नऊ किलो वायू भरावा. हे ऐकोन सर्वांनी माना खाली घातल्या, कारण नऊ किलोचे सुटे यंत्र यानावर एकच होते, आणि ते भिंगवाले काकांचे होते.

भिंगवाले काकांनी ती दुर्बीण अकरा वर्षे घडविली होती. मंगळावर पहाटेस जे पातळ दंव पडते आणि ऊन येताच उडून जाते, ते जवळून पाहावे ही त्यांची एकच मनीषा. वर्षअखेरीस ते निवृत्त होणार होते, म्हणजे दुसरे यान आणि दुसरी दुर्बीण त्यांच्या नशिबी नव्हती. दालनातून निघता त्यांनी कोणास दोष दिला नाही, आणि तेथोन पुढे दिवसातून चारदा मार्गनवीस बाईंच्या टेबलाशी येण्याचा त्यांनी परिपाठ ठेविला.

"किती?" काका विचारीत.

"अजून नऊ."

"बरं." आणि मग थोडे घुटमळून, "मी दुर्बिणीच्या बैठकीला भोकं पाडलीत. चाळीस ग्रॅम कमी झाले बघ."

"काका, आणखी पाडलीत तर नुसती भोकंच उरतील."

"भोकांना वजन नसतं, हाच तर फायदा," ऐसे म्हणोन काका जात, आणि जाता जाता खिडकीतल्या कुंडीस उगीच पाणी घालीत, ते सोमवारीच चारदा जाहल्याने कुंडीखाली तळे साचले.

मग बाईंनी गणकयंत्रास युद्धास उभे केले. या यंत्राचा स्वभाव सांगणे अगत्य आहे. ते बलाढ्य, परंतु आंधळे. त्यास आधी एक अंदाजाची वाट दाखवावी लागे, आणि मग ते धुक्यात काठी टेकीत उतार शोधावा तैसे थोडे इकडे, थोडे तिकडे करीत कमी वायूची जागा धुंडी. आणि जेथोन कोठेही पाऊल टाकिले असता चढच लागे, तेथे खड्ड्यात बैठक मारोन जाहीर करी की, याहून खोल जागा त्रिभुवनात नाही. पलीकडच्या टेकाडामागे दरी असली तरी त्यास तिची गंधवार्ता नसे. आणि दुसरा अवगुण ऐसा की, मना केले नाही ते सर्व त्यास मान्य. मंगळवारी सकाळी त्याने तीनशे पाच किलोंची वाट काढोन दिली, बाई आनंदाने खुर्चीवरून उठल्या, आणि मग पाहातात तो यान मंगळाच्या पोटात एका बाजूने शिरोन दुसऱ्या बाजूने सुखरूप बाहेर पडले होते. मग ग्रहाच्या पोटातून जाऊ नये, हेही त्यास लिहून द्यावे लागले. निघण्याचा दिवस अकरा दिवस पुढे ढकलिला, तीनशे एकोणीस. आठ दिवस मागे ओढिला, तीनशे वीस. सूर्यास एक फेरा अधिक घालोन पाहिला, तो वायू तीनशे चौदावर आला, परंतु यान सात महिने उशिरा पोहोचू लागले आणि तोवर त्याच्या विजेऱ्यांचे आयुष्य सरत होते, सबब ती वाटही गेली.

या सर्व लढायांत शत्रू एकच आडवा येई. मर्यादांची म्हणोन जी यादी कचेरीत होती, तिचे कलम सतरा ऐसे: दर बुधवारी इंजिन दहा तास बंद ठेवावे, यानाने अंग वळवून आपली मोठी तबकडी पृथ्वीकडे करावी आणि पृथ्वीशी बोलावे. इंजिनाचे तोंड एकीकडे, तबकडीचे दुसरीकडे, दोन्ही कामे एकदम होणे नाही. आता ढकलण्याची एक जागा असते. सूर्याजवळ, योग्य वळणावर, इंजिन जोमात असता दिलेला रेटा थोडक्यात मोठे काम करितो; आणि तो चुकला म्हणजे पुढे दूर जाऊन तेच काम अधिक वायू जाळोन करावे लागते. कलम सतरा नेमके त्या वळणांवर दर आठवड्यास लचका तोडी. बाईंच्या पडद्यावर ती वाट उंदराने कुरतडलेल्या दोऱ्यासारखी दिसे. परंतु मागल्या तीन मोहिमांत हेच कलम होते, पृथ्वीवरून यानांशी बोलणारे जे केंद्र त्याचे नावे कलमापुढे "तबकडी केंद्राच्या सोयीसाठी" ऐसे लिहिले होते, आणि छापलेल्या गोष्टीस का म्हणोन कोण विचारतो?

असेच एक कलम बाईंच्या घरच्या राज्यातही होते. ते ऐसे की, रोज दुपारी ठीक एक वाजता बाईंनी कचेरीतून घरी व्हिडिओ फोन करावा, आणि सासूबाईंनी दहा महिन्यांच्या धाकट्या सरकारांस मांडीवर घेऊन पडद्यासमोर हजर करावे. रुजू जाहल्या दिवसापासोन हे कलम एकदाही मोडले नव्हते. बाई एक वाजता डबा अर्धा टाकोन जिन्यात जात, आणि पडद्यावर धाकट्या सरकारांचे दर्शन होई ते ऐसे: डोळे लाल, ओठ उलटा, आणि आईचे तोंड दिसताच जो गळा काढीत तो फोन ठेवीपर्यंत. रोज. मग बाई अर्धा डबा तैसाच बंद करीत. लेक आपणांवर रुसली, आपण कामावर आलो हे तीस साहवत नाही, ऐसे त्यांच्या मनाने घेतले होते. हे दुःख त्यांनी कोणास सांगितले नाही. यजमानांस एकदा सांगावयास गेल्या, तो ते भांडी घाशीत होते आणि नळ मोठा होता.

बुधवार उजाडला. दहा वाजता मसलत बसली ती उठेचना. सरलष्कर उभे, बाकीचे बसलेले, आणि चर्चा कोणाचे किती ग्रॅम कापावे याची. साडेबारा जाहले, एक वाजला, सव्वा वाजला. बाईंचा हात टेबलाखाली फोनावर, परंतु उठावयास जागा नाही, कारण साहेब नेमके त्यांच्याच आकड्यांवर बोलत होते. दोन वाजून दहा मिनिटांनी सुटका जाहली तशा बाई जिन्याकडे अक्षरशः पळाल्या.

फोन उचलला गेला. पडद्यावर छताचा पंखा दिसला, आणि सासूबाईंची कुजबुज आली.

"हळू बोल गं."

"आई, सॉरी, मीटिंग लांबली. फार रडली का?"

"कोण रडतंय? झोपलीये. साडेबाराला माझ्या खांद्यावर मान टाकली ती टाकलीच. माझ्या पायाला मुंग्या आल्यात, पण मी हलले नाही."

"इतका वेळ झोपलीये?" बाई चकित जाहल्या. "मग रोज एकला एवढी रडत का असते?"

"झोप आलेली असते तिला! मी जागी ठेवते ना, तुझा फोन येणार म्हणून. खुळखुळा वाजवते, तोंडाला गार पाणी लावते, खिडकीपाशी नेऊन गाड्या दाखवते. तुला बघायची असते ना ती."



"अहो आई, मी तर तुमच्यासाठी एकला करते. तुम्हीच म्हणालात पहिल्या दिवशी, एकला कर म्हणून."

"मी? मी विचारलं, एकला चालेल का. तू म्हणालीस, तुम्हाला चालत असेल तर चालेल."

"म्हणजे मला वाटलं तुम्हाला..."

"आणि मला वाटलं तुला."

"म्हणजे ती माझ्यावर रुसलेली नाहीये?"

"रुसते कसली! दार वाजलं की उड्या मारते संध्याकाळी. रुसायला तिला वेळ तरी आहे का, दिवसभर माझा चष्मा खायचा असतो." आणि मग सासूबाई हसू दाबीत म्हणाल्या, "पाच आठवडे त्या पोरीच्या तोंडाला पाणी लावतेय मी. दोघी काय शहाण्या आहोत! ठेव आता. उठली की मीच करीन. आणि डबा संपव."

बाई तेथेच पायरीवर बसल्या. पाच आठवड्यांचा भार उतरला, आणि डोळ्यांस जे पाणी आले ते त्यांनी येऊ दिले. मग नाक पुसता पुसता त्यांच्या चित्तात एकाएकी वीज चमकली की, जो नियम दोघींपैकी कोणाचाही नव्हता तो दोघींनी पाच आठवडे प्राणपणाने पाळिला. तर मग तो बुधवार, तो नेमका कोणाचा आहे?

त्या तडक सरलष्करांपाशी गेल्या आणि विचारिते जाहल्या. साहेब बोलिले की, बुधवार तबकडी केंद्राचा, लोक कडक आहेत, त्यांच्या वाटेस जाऊ नये. बाईंनी अदबीने मान डोलाविली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने त्याच वाटेस लागल्या.

तबकडी केंद्र शहराबाहेर एका टेकडीवर. शेवटच्या थांब्यावर उतरोन पंधरा मिनिटे चढ चढावा, तो झाडांवरून आधी तेथल्या अवाढव्य तबकडीचा कडा दिसतो आणि मग ती संपूर्ण, पाच मजली इमारतीएवढी, इतक्या धिम्या गतीने मान फिरवीत की ती हलते की आपण, हे कळत नाही. तिच्या पायथ्याशी एका लहान खोलीत किल्लेदारीण बाईंचे ठाणे. वय पन्नाशीचे, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि पायांत लोकरी मोजे, कारण यंत्रांस थंडी लागते म्हणोन खोली बारमाही गार. मार्गनवीस बाईंनी खुर्ची मिळताच कलम सतरा काढिले.

"ते? ते तुमचंच ना?" किल्लेदारीण म्हणाल्या.

"आमचं? आमच्याकडे लिहिलंय, तबकडी केंद्राच्या सोयीसाठी."

"सोय!" किल्लेदारीण बाईंनी डोक्यावरचा चष्माही डोळ्यांवर घेतला, म्हणजे दोन जाहले. "अहो, बुधवारी माझ्याकडे तीन यानं रांगेत असतात. तुमच्यासाठी दोघांना ताटकळत ठेवते मी. नऊ वर्षं झाली, बुधवारी गरम जेवले नाहीये!"

"मग बोलला का नाहीत?"

"मला काय माहीत बाई. म्हटलं, तुमच्या इंजिनाला विश्रांती लागत असेल. आम्ही आपले तबकडी फिरवणारे. मोठ्या कचेरीतल्या शहाण्यांना आम्ही काय शिकवणार?"

"विश्रांती कसली! बंद-चालू केलं की ते उलट जास्त झिजतं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग किल्लेदारीण बाई उठल्या, कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवरून बारा वर्षांपूर्वीची नोंदवही ओढोन काढिली, फुंकर घातली, दोघी शिंकल्या, आणि पाने उलटता उलटता त्या दिवसाचे पान सापडले. तेथे निळ्या शाईत केंद्राच्या माणसाने लिहिले होते: "बुधवार चालेल का?" आणि त्याखाली काळ्या शाईत, मोठ्या कचेरीतून आलेल्या कोणा माणसाने, तिरप्या अक्षरात: "तुम्हाला चालत असेल तर आम्हाला चालेल." बस. एवढ्यावर तीन मोहिमा चालल्या होत्या.

मग त्याच टेबलावर तह जाहला. मार्गनवीस बाईंनी म्हणणे मांडिले की, यानाच्या अंगावर एक लहान अँटेनाही आहे, ती चहूकडे ऐकू जाते, तिजसाठी अंग वळवावे लागत नाही की इंजिन थांबवावे लागत नाही. तिजवरून लांब बोलणे होत नाही, परंतु एक सूर धाडिता येतो. तरी इंजिन कामात असता यानाने आठवड्यातून एकदा नुसता सूर द्यावा की, बरे आहे. आणि वाटेत जेथे इंजिन आपसूक निजते, ढकलण्याचे कारणच नसते, तेथे मोठी तबकडी वळवोन मनसोक्त बोलावे, दोन दिवस बोलावे, चार दिवस बोलावे. किल्लेदारीण बाईंनी हे ऐकिले आणि बोट वर केले.

"एक सूर पुरणार नाही. पोरं 'बरंय' म्हणतात आणि ताप अंगावर काढतात. माझ्या धाकट्यानं केलंय. दोन सूर ठेवा. एक 'बरंय', आणि दुसरा 'बोलायचंय'. दुसरा आला किंवा कुठलाच नाही आला, की मी बाकीची कामं टाकून तबकडी तुमच्याकडे वळवणार. पण तोवर आठवडा बुडालेला असेल. तेवढे बुडाले तरी मंगळ चुकणार नाही अशी वाट आखा. बारा दिवसांची ढिलाई द्या मला."

बारा दिवस इंजिन आजारी पडले तरी यान पोहोचावे, ऐसी वाट म्हणजे दोन किलो वायू अधिक. परंतु मागणी खरी होती, आणि जिच्या घरी दहा महिन्यांचे मूल आहे तीस आठवड्यातले दिवस बुडतात हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही. मार्गनवीस बाईंनी बारा दिवस कबूल केले, नोंदवहीच्या पानाची छबी फोनात घेतली, आणि उताराने धावत बस गाठिली.

कचेरीत येताच त्यांनी कलम सतरा यादीतून उडविले आणि गणकयंत्रास हल्ल्याचा हुकूम दिला. दोन तासांनी उत्तर आले: तीनशे अठरा पूर्णांक आठ. बाईंचे तोंड उतरले. नऊ किलो वाचावयाचे, तेथे पाव किलोही वाचला नव्हता. त्याच वेळी काका आले, विचारिते जाहले नाहीत, नुसते पडद्याकडे पाहून कुंडीकडे वळले. तो बाईंचे लक्ष पडद्यावरील दोऱ्याकडे गेले. दोरा अजून कुरतडलेलाच होता! कलम काढिले खरे, परंतु यंत्रास अंदाजाची म्हणोन जी पहिली वाट दाखविली होती ती जुनीच, बुधवारच्या लचक्यांची. आणि यंत्र आंधळे, ते जुन्याच खड्ड्यात जाऊन पुन्हा बैसले होते. बेडी काढिली तरी कैदी लंगडतच होता.

मग बाईंनी जुनी फाइल बंद केली, कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि हाताने, पोरांच्या चित्रासारखी, सूर्य मध्ये काढोन नवी वाट काढिली: येथे सलग ढकलावे, येथे निजावे, येथे पुन्हा ढकलावे, येथे निजावे आणि बोलावे. त्या रेघेवरून आकडे वाचोन यंत्रास भरविले, बारा दिवसांची ढिलाई लाविली, मंगळाच्या पोटातून जाऊ नये हे पुन्हा एकवार बजाविले, आणि साडेपाच वाजता यंत्रास कामावर ठेवोन घरी गेल्या, कारण दार वाजले की उड्या मारणारे कोणी तेथे आहे हे आता त्यांस पक्के ठाऊक होते.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पडदा उघडिला. उत्तर वाचिले. खुर्चीवरून उठल्या नाहीत. यान कोणाच्या पोटातून जात नाही ना, हे तीनदा पडताळिले. मग दाराकडे पाहात बसल्या, आणि काका आले.

"किती?"

"बसा ना काका."

"उभा बरा आहे मी. किती?"

"दोनशे ग्रॅम."

काकांनी हळूच श्वास सोडला. "दोनशेच कमी पडतायत? मग आणखी भोकं पाडतो ना. आत्ता पाडतो."

"कमी नाही, काका. जास्त. तीनशे नऊ पूर्णांक आठ लागतायत. दोनशे ग्रॅम उरतायत."

आता मात्र काका बसले. कुंडीशेजारच्या खोक्यावर बसले. चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढिला. मग काका अगदी लहान आवाजात म्हणाले, "दोनशे उरतायत, तर ते भिंगावरचं झाकण थोडं जाड केलं तर? दीडशे ग्रॅमच."

"काका!"

"नको, नको. राहू दे. विचारलं आपलं."

बारा वाजता दरबार भरला. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सात तज्ज्ञ ओळीने, आणि भिंतीवरच्या पडद्यावर टेकडीवरून किल्लेदारीण बाई हजर, दोन्ही चष्म्यांसह. मार्गनवीस बाईंनी वाट दाखविली. सरलष्कर साहेबांनी ती पाहिली, आणि त्यांची भुवई चढली. त्यांनी विचारिले की, कलम सतरा कोणाच्या परवानगीने काढिले?

"परवानगी कोणाची घ्यायची तेच शोधत होते, सर," बाई म्हणाल्या. "ते कोणाचंच निघालं नाही." आणि त्यांनी नोंदवहीचे पान भिंतीवर मोठे करोन दाखविले.

सात तज्ज्ञ वाचू लागले. निळी शाई वाचिली. काळी शाई वाचिली. कोणी खाकरले. सरलष्कर साहेब मात्र पडद्याजवळ गेले, आणखी जवळ गेले, आणि मग बारा वर्षांत प्रथमच भर मसलतीत खुर्ची ओढोन खाली बसले.

"हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "नवीन लागलो होतो तेव्हा. पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं, म्हणून..."

"मला तर सांगितलं होतं, वरून आलाय नियम," पडद्यावरून किल्लेदारीण बाई बोलिल्या.

"वरून म्हणजे मीच," साहेब म्हणाले, आणि आधी ते स्वतः हसले, मग मागोमाग सारा दरबार, आणि काका सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत जास्त वेळ.

हसू ओसरल्यावर तज्ज्ञांनी दोन तास उलटतपासणी केली, कारण हसणे वेगळे आणि सही वेगळी. पाच दिवस इंजिन बुडाले तर काय, दहा बुडाले तर काय, सूर आलाच नाही तर काय. सर्व प्रसंगांत यान थोडे उशिरा का होईना, मंगळास पोहोचले. मग हुकूम जाहला की, कलम सतरा रद्द, नवी वाट मंजूर, दुर्बीण जागेवर कायम, आणि यापुढे यादीतील प्रत्येक कलमापुढे ते कोणाचे, हे त्या माणसास समक्ष विचारोन लिहावे.

या उलटतपासणीत एक वाजला तेव्हा बाईंचा फोन टेबलावर एकदाच थरथरला. पडद्यावर एक शब्द होता: "झोपली." बाईंनी तो वाचिला, फोन पालथा घातला, आणि तज्ज्ञांच्या पुढल्या प्रश्नास उत्तर दिले. त्या दिवशी त्या जिन्यात गेल्या नाहीत, आणि सव्वादोन वाजता डबा शेवटच्या घासापर्यंत संपविला.

पावणेतीन वाजता फोन वाजला. या खेपेस तो घरून आला होता. पडद्यावर धाकट्या सरकार, केस एका बाजूस चपटे, गालावर उशीची वळी, डोळे टक्क. आईस पाहताच रडल्या नाहीत. आधी विचारात पडल्या, मग दीड दात दाखवोन हसल्या, मग पुढे सरकोन फोनाचा कोपरा तोंडात घातला, आणि पुढील बराच काळ पडद्यावर नुसती गुलाबी जीभ दिसत राहिली. मागून सासूबाईंचा आवाज आला की, चष्म्यावरून लक्ष उडाले हे बरे जाहले. काका कुंडीस पाणी घालावयास आले होते ते झारी हातात धरोन वाकले.

"हिचं वय काय?"

"दहा महिने."

काकांनी बोटांवर हिशेब केला. यान पुढल्या साली निघणार, हजार दिवस वाटेत, मग पहिली पहाट. "पाच वर्षांची होत आलेली असेल," ते म्हणाले, आणि जिभेस उद्देशोन, "तुला दंव दाखवतो हं, तिकडचं. थोडा वेळ लागेल. झोप काढ तोवर."

येणेप्रमाणे नऊ किलो वायूची मोहीम सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी फत्ते जाहली. कोणी जखमी नाही. एक कुंडी अतिपाण्याने खालावली होती, ती सावरली. पुढल्या बुधवारी टेकडीवरून कचेरीत एक छायाचित्र आले, त्यात वाफ निघणारी ताटली आणि खाली एकच ओळ की, नऊ वर्षांनी. सरलष्कर साहेब आता अधूनमधून बसतात. काकांची दुर्बीण नऊ किलोच राहिली, झाकणासह, आणि उरलेले दोनशे ग्रॅम कोणास न देता यानात वायूरूपे राखोन ठेविले आहेत, कारण वाट लांब आहे आणि दिवस बुडतात. आणखी एक गोष्ट त्या पायमोज्याविषयी लिहावयाची होती, परंतु आतल्या खोलीतून आमच्या धाकट्या सरकारांची हाक आली आहे, कोणी न उठविता आपसूक आली आहे, सबब लेखणी येथे ठेविली असे.